‘द वाइल्ड रोबोट’ वाचून झालं, आता मुलांना काय विचारायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहायला घेतलं. प्रश्न साधारण असा असतो: मूल पीटर ब्राउन यांचं ‘द वाइल्ड रोबोट’ इंग्रजीत वाचतंय. कधी शाळेनं दिलेलं असतं, कधी सिनेमा बघून आल्यावर हट्टानं घेतलेलं. नेटवर त्यावरच्या वर्कशीटचा ढीग पडलाय. त्यातलं नेमकं काय घ्यावं? आणि मुलानं नुसती पानं उलटली की त्याला पुस्तक खरंच समजलं, हे ओळखायचं कसं? पुण्या-ठाण्यातले पालक हे विचारतात, तसेच न्यू जर्सी आणि लंडनमधले मराठी आईबाबाही विचारतात.

आधी थेट उत्तर देऊन टाकतो: त्या ढिगातलं बहुतेक छापू नका. या पुस्तकाला थोडे प्रश्न पुरतात. ते योग्य ठिकाणी थांबून विचारले पाहिजेत, आणि पुस्तकातल्या दोन लांबच्या जागा एकमेकींना जोडल्याशिवाय त्यांचं उत्तर सापडता कामा नये.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी पुस्तकाची ओळख. 2016 साली आलेलं हे पुस्तक 80 प्रकरणांचं आहे, पण एकेक प्रकरण जेमतेम दोन-चार पानांचं. वादळात मालवाहू जहाज बुडतं, रोबोटांचे खोके वाहत एका निर्जन बेटावर येऊन आदळतात आणि त्यातला एकच धड राहतो. खेळताखेळता पाणमांजरांचा पंजा त्याच्या डोक्यामागच्या बटणावर पडतो, तो सुरू होतो. तीच रॉझ. ती प्राण्यांचं निरीक्षण करून त्यांची भाषा शिकते. तिच्या हातून घडलेल्या अपघातात हंसांचं एक कुटुंब मरतं, एक अंडं उरतं, आणि त्यातून निघालेल्या ब्राइटबिल नावाच्या पिल्लाची ती आई होते. शेवटी तिला परत न्यायला रेको नावाचे रोबोट येतात.

पुस्तक वाचायला किती अवघड आहे हे आकड्यात सांगणाऱ्या लेक्साइल मोजमापात हे 740 वर बसतं. आकडा पाहून पालक निर्धास्त होतात, आणि तिथेच गफलत होते. हे माप वाक्याची लांबी आणि शब्द किती वापरातले आहेत, एवढंच पाहतं. या पुस्तकाची वाक्यं छोटी आहेत, शब्द बरेचसे ओळखीचे आहेत. पण लेखक बरंच काही न सांगता सोडून देतो. ते माप त्या न सांगितलेल्या गोष्टींचं वजन करत नाही. म्हणून भराभर वाचणारं मूलही वरवर वाचून पुढे निघून जाऊ शकतं.

प्रश्नांकडे वळण्याआधी दोन छोट्या चाचण्या करून घ्या. पुस्तकाच्या मधलं, साधारण 100 शब्दांचं एखादं पान मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळलेले शब्द मोजा; प्राण्यांची नावं आणि विशेषनामं धरू नका, नाहीतर आकडा उगाच फुगतो. पाचपर्यंत अडखळलं तर ते पुस्तक एकट्यानं वाचू शकेल. दहाच्या वर गेलं तर सोबत बसून वाचा किंवा तुम्हीच वाचून दाखवा. दुसरी चाचणी जास्त कामाची आहे. मुलाला न समजलेलं एक प्रकरण तुम्ही वाचून दाखवा आणि मग विचारा. ऐकून समजलं तर अडचण अक्षरं-शब्द उलगडण्यात आहे. ऐकूनही समजलं नाही तर ती इंग्रजी भाषेत किंवा विषयाच्या माहितीत आहे. गफ आणि टनमर या वाचन-अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलेला साधा हिशोब हाच: शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्याकडे गेली की दुसरी कितीही भक्कम असली तरी उत्तर शून्याकडेच जातं. या दोन्ही अडचणींना एकच वर्कशीट देणं निरुपयोगी आहे.

विषयाच्या माहितीला आपल्याकडे फारच कमी लेखलं जातं. रेक्ट आणि लेस्ली यांचा 1988 चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांना मागे टाकून गेली. आता आपल्या मुलांचं पाहा. बीव्हर भारतात नाहीतच, त्यामुळे तो दातांनी झाडं पाडून पाण्यात घर बांधतो हे त्यांना कुठून कळणार? ओपोसम मेल्याचं सोंग घेतो हे माहीत नसेल तर ते प्रकरण निव्वळ विचित्र वाटतं. पिल्लू पहिल्या दिवसापासून रॉझच्या मागे का लागतं, हे कळायला प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांचे हंस माहीत हवेत: अंड्यातून बाहेर पडल्यावर सुरुवातीच्या तासांत जी हलती गोष्ट दिसेल तिलाच पिल्लं आई मानतात. लॉरेन्झ यांच्यामागे एका ओळीत चालणाऱ्या पिल्लांचे फोटो मुलांना दाखवाच. स्थलांतर मात्र आपल्या मुलांना जवळचं आहे. भिगवण, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर इथे हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. एवढी चार-पाच कोडी पुस्तक हातात घेण्याआधी सोडवून ठेवा, वीस मिनिटांत होतं. शब्दांचंही तसंच. कॅमोफ्लाज, इन्स्टिंक्ट, मायग्रेशन असे पुस्तकात पुन्हापुन्हा येणारे आणि पुढे शाळेतही लागणारे दहा-पंधरा शब्द आधी बोलून घ्या. बाकीचे वाक्याच्या ओघात कळू द्या. दर पानाला शब्दकोश उघडला की गोष्टीचा धागा तुटतो.

आता नेटवरच्या संचांबद्दल. नेहमीचा संच दर प्रकरणाला पाच प्रश्न देतो. 80 गुणिले पाच म्हणजे 400 प्रश्न. इतक्या प्रश्नांनी कुठल्याही गोष्टीचा जीव जातो. त्यातले शब्दशोध आणि शब्दकोडी बाजूलाच ठेवा, त्यातून अक्षरं शोधण्यापलीकडे काही तपासलं जात नाही. उरलेल्यांना तीन चाळण्या लावा. पहिली: ज्यानं पुस्तक वाचलेलंच नाही अशा घरातल्या कुणाला प्रश्न विचारा. ‘मित्रांना मदत करणं का महत्त्वाचं आहे?’ याचं उत्तर आजीही न वाचता देईल, तर प्रश्न बाद. दुसरी: 2024 चा सिनेमा पाहून उत्तर देता येतं का? सिनेमात फिंक कोल्हा पिल्लाला वाढवण्यात बरोबरीनं आहे, पुस्तकात त्याचं काम छोटं आहे. व्होन्ट्रा नावाचा रोबोट पुस्तकात नाहीच. अपघातही वेगळा. सिनेमात रॉझ अस्वलापासून पळताना घरट्यावर कोसळते, पुस्तकात ती कड्यावरून दगडांसकट घसरते. म्हणून ‘अपघात कसा झाला?’ हा एरवी अगदी साधा प्रश्न इथे फार उपयोगी ठरतो: कोणी वाचलंय आणि कोणी नुसतं पाहिलंय, ते लगेच कळतं. तिसरी चाळणी: उत्तर एकाच वाक्यातून जसंच्या तसं उचलता येतं का? असे प्रश्न अगदी थोडे ठेवा. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीमुळे आपली मुलं प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून शेजारचं वाक्य उचलण्यात पटाईत असतात. त्या कौशल्याला आकलन समजण्याची चूक करू नका. प्रकाशकाची शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका या चाळण्यांतून बऱ्यापैकी तरते; तिच्यातले चर्चेचे प्रश्न घ्यायला हरकत नाही.

चाळून झाल्यावर हाती फार थोडं उरेल. बाकीचे प्रश्न स्वतःच करा, अवघड नाही. वेळापत्रक असं ठेवा: आठवड्याचे पाच दिवस, रोज चार प्रकरणं, म्हणजे चार आठवड्यांत पुस्तक पूर्ण. प्रश्नांसाठी फक्त सहा थांबे: रॉझ सुरू होऊन बेट ओळखू लागते तेव्हा, तिला प्राण्यांची भाषा येते तेव्हा, पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हा, हंस दक्षिणेला निघतात तेव्हा, ते परत येतात तेव्हा, आणि शेवट. दर थांब्याला तीनच गोष्टी. आतापर्यंतची गोष्ट पाच वाक्यांत सांगायची. जोडणीचा एक प्रश्न. आणि पुढे काय होईल याचा एक अंदाज, कारणासह. सगळे मिळून 18 होतात, आणि ते पुरतात.

गोष्ट सांगताना मुलं ‘मग... मग... मग’ करत सुटतात. तेव्हा घटना आठवत असतात, पण त्यांच्यातला कार्यकारणभाव धरलेला नसतो. ‘मग’ला बंदी घाला, त्याजागी ‘म्हणून’ आणि ‘पण’ वापरायला सांगा. ‘रॉझला कोणी जवळ येऊ देत नव्हतं, म्हणून ती लपून पाहू लागली’ असं वाक्य आलं की समजा, धागा हाती लागला.

जोडणीच्या प्रश्नांचे दोन नमुने देतो. ‘सुरुवातीला प्राणी रॉझला राक्षस म्हणतात आणि शेवटी तिच्यासाठी लढतात, त्यांचं मत कशामुळे बदललं?’ याचं उत्तर एका पानावर नाही. फिंकच्या तोंडात रुतलेले साळिंदराचे काटे ती काढते, पिल्लाला सांभाळते, बाग फुलवते, कडाक्याच्या थंडीत प्राण्यांना उबेसाठी आसरे उभारून देते. मुलानं यातल्या किमान तीन गोष्टी पकडल्या पाहिजेत आणि कुठली आधी, कुठली नंतर हेही सांगितलं पाहिजे. दुसरा: ‘रेको हरल्यानंतरही रॉझ बेट का सोडते?’ इथे मुलं ‘ती मोडली म्हणून’ एवढ्यावर थांबतात. ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं, म्हणजे ती राहिली तर आणखी रोबोट येतील आणि बेट धोक्यात येईल, हे मुलाकडून यायला हवं. तुम्ही सुचवू नका. मूल गप्प बसलं तर घाई न करता थांबा आणि फक्त विचारा, ‘कुठल्या पानावरून तसं वाटलं?’ बहुतेक चर्चा फसतात त्या मोठ्यांनी पहिल्या शांततेतच उत्तर देऊन टाकल्यामुळे.

माझ्या मते या पुस्तकातली सगळ्यात मोलाची जागा निवेदकाच्या आवाजात आहे. तो वाचकाशी थेट बोलतो. रोबोटांना खऱ्या भावना नसतात असं तो सुरुवातीलाच सांगतो, आणि लगेच रॉझला कुतूहलासारखं काहीतरी वाटलं असंही म्हणतो. हा ‘सारखं’ पुस्तकभर पुरतो. मुलाला वहीत तीन रकाने आखू द्या: पान क्रमांक, रॉझनं काय केलं, निवेदक त्याबद्दल काय म्हणाला. पूर्ण पुस्तकातून आठ-दहा नोंदी व्हाव्यात. वाचताना त्या जागी रंगीत चिकटचिठ्ठी लावली की शोधाशोध होत नाही. पण दिवसाला एकच चिठ्ठी, नाहीतर मुलं चिठ्ठ्या लावण्यातच रमतात. शेवटी विचारा, ‘रॉझला भावना आहेत का?’ दोन्ही उत्तरं चालतील, पुरावा मात्र रकान्यांतून आला पाहिजे. तयार उत्तरसूचीत या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर छापलेलं असेल तर तो संच बाजूला ठेवा.

उत्तर कुठल्या भाषेत घ्यायचं, हेही बरेच जण विचारतात. समज तपासायची असेल तर मुलाला ज्या भाषेत मोकळेपणानं बोलता येतं त्या भाषेत. इथल्या मुलानं मराठीत सांगितलं तर खुशाल सांगू द्या. इंग्रजी वाक्यरचनेशी झगडताना त्याला जे कळलंय तेही अडकून पडतं. परदेशातल्या मुलांशी उलट करा. तुम्ही मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीत येऊ द्या. लिखाण इंग्रजीत हवं असेल तर ते दुसऱ्या दिवशी, तोंडी बोलणं झाल्यावर.

चार मुलं एकत्र वाचत असतील तर प्रत्येकाला एक काम द्या: एक सारांश सांगतो, एक प्रश्न काढतो, एक न समजलेली जागा दाखवतो, एक पुढचा अंदाज करतो, आणि दर थांब्याला कामं बदलतात. पॅलिन्सर आणि ब्राउन (पुस्तकाचे लेखक नव्हेत) या अभ्यासकांची 1984 ची पद्धत आहे ही. यात ‘न समजलेली जागा’ हे काम सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाला आधी द्या. त्यानं ‘मला हे कळलं नाही’ म्हटलं की बाकीचे बिनधास्त विचारू लागतात.

शेवटच्या लिखाणासाठी एकच काम पुरे. रॉझ निघून गेल्यावर ब्राइटबिलनं तिला लिहिलेलं एका पानाचं पत्र. तपासताना अक्षर-व्याकरण नंतर पाहा. पत्रात पुस्तकातल्या तीन घटना आहेत का, त्यातली एक तरी पहिल्या अर्ध्या भागातली आहे का, आणि ब्राइटबिलला ज्या गोष्टी माहीत असणं शक्यच नाही त्या चुकून आल्या आहेत का, एवढं आधी बघा. शेवटची कसोटी अवघड आहे. रॉझ सुरू झाली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मुलं त्याला तो प्रसंग डोळ्यांनी पाहिल्यासारखा लिहायला लावतात. ती चूक सापडली तर लाल शाई वापरू नका. ‘हे त्याला कोणी सांगितलं असेल?’ एवढंच विचारा, मूल आपणहून पान उघडून शोधायला बसतं.

पुढचे दोन भाग 2018 आणि 2023 साली आले आहेत. दुसरा भाग हातात देण्याआधी रॉझचं पुढे काय होईल याचे तीन अंदाज तारीख घालून लिहून घ्या, आणि तो भाग अर्धा वाचून झाला की ते काढून ताडून पाहा.