नावात पूल, पण पूल कुठंय?

चिलीची राजधानी सँटियागो, तिथल्या मेट्रोत 'पुएन्ते काल इ कान्तो' म्हणून एक स्टेशन आहे. पुएन्ते म्हणजे पूल, म्हणजे नावातच पूल. वर येऊन बघाल तर मापोचो नदी आहे, मासळीबाजार आहे, पण त्या नावाचा पूल काही दिसत नाही. कारण त्याचं जे काय उरलंय ते खाली स्टेशनातच आहे! लाइन 2 साठी खोदताना जुनं दगडी बांधकाम लागलं, आणि 1987 ला स्टेशन सुरू झालं तेव्हा पुलाचंच नाव दिलं.

पूल स्पॅनिश राजवटीतला, 1770 च्या दशकात बांधलेला, जवळपास 200 मीटर लांब. बांधून घेणारा लुईस मॅन्युएल दे सान्यार्तू, शहराचा कोरेहिदोर, आपल्याकडचा कलेक्टर आणि कोतवाल एकाच माणसात घातला तर जे होईल ते. कामाला कोण, तर कैदी. माणूस इतका कडक की स्वतःच्या दोन्ही मुलींना लहानपणीच मठात टाकलं, आणि मठही त्यानेच बांधलेला. पूल सैतानाशी करार करून बांधला असं लोक म्हणायचे, त्यात मला नवल वाटत नाही.

चुन्यात अंड्यांचा पांढरा भाग घातला होता म्हणे, तोही लाखो अंड्यांचा. आकडा ज्याने त्याने आपल्या मनाने वाढवलाय हे उघड आहे, पण आपल्याकडे पण जुन्या चुन्यात गूळ नि बेलफळ घालायचेच की, त्यामुळे आयडिया अगदीच अचाट नाही.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. 1888 च्या ऑगस्टमध्ये पूर आला नि पूल कोसळला, असं एका ओळीत सांगून मोकळे होतात, पण त्याआधी काय झालं तर सरकारला नदी सरळ, अरुंद कालव्यात बसवायची होती, आणि त्या कामात पुलाच्या पायाशी जी दगडी फरसबंदी होती तीच उखडली, मग पाण्याने खालून माती खाल्ली, खांब बसले आणि बिल फाडलं पावसाच्या नावावर. शंभरेक वर्षं तो पूल तसेच पूर झेलत आला होता हो! उरलेल्या कमानीही नंतर पाडून टाकल्या. बलमासेदा तेव्हा राष्ट्राध्यक्ष, विकासाची घाई जोरात. ओळखीचं वाटतंय ना?

जाणार असाल तर लाइन 2 आणि 3 दोन्ही तिथे मिळतात, गाडी बदलायच्या घाईत ते दगड सोडू नका. आणि मासे खायला शेजारीच मेरकादो सेंत्राल, 1872 चं लोखंडी छपराचं मार्केट. दुपारी जा.