हर्णैला होड्यांनी पाठ फिरवली तेव्हा

मी दापोली तालुक्यात ड्रॉइंग टीचर आहे, इंटरमिजिएटला बसणारी पोरं घेऊन जानेवारीत हर्णै बंदरावर स्केचिंगला गेलो होतो. सामान काय, तर पुठ्ठा, क्लिपा, बाँड पेपर, 6बी पेन्सिल आणि थोडा चारकोल. चारकोल समुद्रावर वैताग आहे, हवेतल्या ओलीने कागद मऊ पडतो आणि हात लागला की सगळं काळं.

सकाळचा लिलाव जोरात, बैलगाड्या पाण्यात, समोर सुवर्णदुर्ग. पोरांना सांगितलं किल्ल्याचा नाद सोडा, होडी काढा, आणि आधी ती पाण्यात कुठपर्यंत बुडालीय ती रेघ बघा, कारण ती चुकली की होडी पाण्यावर ठेवलेल्या खेळण्यासारखी दिसते. नांगरलेल्या होड्या सगळ्या किनाऱ्याकडे तोंड करून, पोरं नाळीचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, बाक पकडण्यात गुंग.

एक कोळ्यांची मुलगी मात्र नुसती बसलेली. म्हटलं काय गं, पेन्सिल विसरलीस? तर म्हणे, "सर आत्ता काढून काय उपयोग, वारा पडलाय, होड्या फिरतील."

आणि खरंच की हो! दहा-साडेदहाला गालाला समुद्राकडून झुळूक लागली आणि एकेक होडी नांगराच्या दोराभोवती सावकाश फिरायला लागली, पहिल्यांदा लहान होड्या मग मोठ्या लाँचेस, आणि बघता बघता सगळ्यांची तोंडं समुद्राकडे नि आमच्याकडे पाठी. एका नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करते एवढंच, भूगोलात मतलई वारे खारे वारे सगळ्यांनी पाठ केलेलं, पण पोरं ओरडायला लागली सर होडी गेली! निम्म्यांनी खोडरबर काढले. मी म्हटलं खबरदार, खोडायचं नाही, त्याच कागदावर शेजारी दुसरी काढा. मला विचाराल तर त्या दिवसाची बेस्ट शीट्स हीच, एका बाजूला अर्धवट नाळ, दुसऱ्या बाजूला घाईत मारलेल्या रेघा पण जिवंत.

ही बाई मात्र आता कामाला लागली. मागची बाजू, सुकाणू, गुंडाळलेला दोर, काठीचं फडकं बरोब्बर जमिनीकडे उडणारं, सगळं जागच्या जागी. होडी एवढी मोठी की कागद पूर्ण भरलेला.

"अगं क्षितिज कुठंय?"

"बसलं नाही सर."