दम राखून

मी पळत असते आणि चालणारी माणसं मला मागे टाकून जातात. सपाट रस्त्यावर क्वचित, चढावर हमखास. हात झपाझप हलवत, कानटोपी घातलेले एखादे काका मागून येतात, एकदा वळून बघतात आणि पुढे निघून जातात. त्या बघण्यात थोडी कीव असते. अशा वेळी वेग वाढवावासा फार वाटतो. तो न वाढवणं हाच त्या दिवसाचा खरा व्यायाम.

पळणं नियमित चालू ठेवायचं असेल तर आठवड्यातलं बहुतेक पळणं असं, इतरांना कीव येईल इतकं सावकाश असावं लागतं. त्याला इझी रन म्हणतात. कसोटी साधी आहे: पळता पळता बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दर दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त झाला. बरोबर कोणी नसेल तर स्वतःशी बोलावं. भल्या पहाटे घाम गाळत फिरणाऱ्या माणसाला लोक तसंही अर्धं खुळं समजतातच, त्यात ही एक भर.

या संथपणाचा कंटाळा येतो, कारण त्यात काही घडतंय असं वाटत नाही. धाप लागली, तोंड लाल झालं, पाय थरथरले की कसं काहीतरी केल्यासारखं वाटतं. घडत मात्र असतं पुष्कळ. हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून काही महिन्यांनी झोपून उठल्यावर मोजलेली नाडी कमी भरते. स्नायूंभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे कण वाढतात आणि शरीर चरबी जाळून काम भागवायला सरावतं. यातलं काहीच त्या दिवशी दिसत नाही. आणि हे सगळं धापा टाकून लवकर उरकून घेऊ म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत, चौथ्या दिवशी गजर बंद करून माणूस कूस बदलतो आणि नियमितपणा तिथेच संपतो. आठवड्यातून एखादा दिवस जोरात पळावं, दोनही चालतील. पण तो जोर बाकीच्या संथ दिवसांच्या भांडवलावर असतो.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं वाटतं मला. शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं म्हणजे वर्गातली पुढच्या बाकावरची मुलं, चार-सहा आठवड्यांत धडा पाठ. स्नायू थोडे मागे. टाचेमागची जाड शीर, गुडघ्याखालची शीर (या रक्ताच्या शिरा नव्हेत, स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या) आणि हाडं मात्र शेवटच्या बाकावर बसलेली. त्यांना महिनेच्या महिने लागतात. हाडाची तर तऱ्हाच वेगळी. नवा ताण पडू लागला की शरीर आधी जुनं हाड थोडं पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. ही एक फेरी पुरी व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. म्हणजे दम वाढलाय, उत्साह ओसंडतोय, ‘आता आपल्याला जमतंय’ असं वाटू लागलंय, नेमका तोच काळ नडगीच्या हाडासाठी धोक्याचा. पळताना दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो आणि एका किलोमीटरला अशी हजारभर पावलं पडतात. हिशेब ज्याने त्याने करावा.

यावर पळणाऱ्यांमध्ये एक नियम फार प्रसिद्ध आहे: दर आठवड्याला अंतर १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. ऐकायला इतका शास्त्रीय वाटतो की कोणी शंका घेत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नवख्या धावपटूंवर याची चाचणी घेतली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष छापले. एका गटाने या नियमाच्या आधाराने हळूहळू वाढवलं, दुसऱ्याने त्याहून झपाट्याने. दुखापती दोन्हीकडे जवळपास सारख्याच निघाल्या. म्हणून नियम टाकून द्यावा असं नाही, पण आकड्याच्या भरवशावर दुखणाऱ्या नडगीकडे दुर्लक्षही करू नये. नडगीवर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल तर त्या आठवड्याचा आकडा शून्य. सगळी नडगी थोडी थोडी दुखत असेल तर तेवढं घाबरायचं कारण नाही, पण अंतर आवरायला हवंच.

हा संथपणाचा मार्ग ज्याने जगाच्या गळी उतरवला तो माणूस बुटांच्या कारखान्यात काम करायचा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड. आपल्याला किती झेपतं हे बघायला त्याने स्वतःवरच प्रयोग केले. अंतर वाढवलं, अति झालं तेव्हा कमी केलं, पुन्हा वाढवलं, आणि आठवड्याला सुमारे १०० मैलांवर, म्हणजे १६० किलोमीटरवर येऊन स्थिरावला. मग तरुण मुलं त्याच्याबरोबर पळू लागली. त्यांच्या रविवारचा फेरा वायटाकेरे डोंगररांगेतल्या चढउतारांचा, २२ मैलांचा. गंमत अशी की त्यात पीटर स्नेल हा ८०० मीटरवालाही होता, म्हणजे दोन मिनिटांच्या आत ज्याचं काम आटोपतं असा गडी. त्याने दोन-अडीच तास डोंगरात का पळावं, हा प्रश्न त्या काळी भल्याभल्यांना पडला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं सुवर्ण मिळवलं, त्याच दिवशी त्याचा सोबती मरे हॅलबर्ग याने ५,००० मीटरचं, आणि बॅरी मॅगीने मॅरेथॉनचं कांस्य. तिघेही लिडियार्डच्याच हाताखालचे. त्यांचा सावकाश वेग माझ्या स्वप्नातल्या वेगापेक्षाही जास्त होता, ते सोडा. मुद्दा क्रमाचा आहे: आधी महिनोन्‌महिने दम, मग चढ, आणि वेग सगळ्यात शेवटी.

आता रस्त्याबद्दल. रोज एकाच रस्त्यावर पळण्याला लोक कंटाळवाणं म्हणतात. मला तो एकच रस्ता हवा असतो. गाडीतून सपाट वाटणारा रस्ता पायांना सपाट नसतो. बस थांब्यापासून वळणापर्यंत तो किंचित चढतो, हे सांगितलं तर रोज तिथून गाडी नेणारा माणूस विश्वास ठेवणार नाही. पोटऱ्यांना मात्र पक्कं ठाऊक असतं. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता केलेला असतो, त्यामुळे सतत एकाच कडेने पळणाऱ्याचा एक पाय रोज थोडा खाली पडतो. कुठल्याशा एकाच बाजूच्या कमरेत किंवा गुडघ्यात दुखू लागतं आणि माणूस नवे बूट घेतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून त्यांच्याकडे तोंड करून पळणंच शहाणपणाचं, त्यामुळे कड सारखी बदलता येत नाही. रहदारी सुरू व्हायच्या आत निघावं आणि जिथे रुंद, सपाट फुटपाथ मिळेल तिथे तो धरावा, एवढंच हातात असतं.

त्याच रस्त्याचा दुसरा फायदा म्हणजे तो खोटं बोलू देत नाही. तेच अंतर, तोच चढ, आणि नाडी दहा ठोक्यांनी वर. मग कारण आपल्यात शोधावं लागतं: झोप कमी झाली, ताप येऊ घातलाय किंवा नुसतं उकडतंय. उकाड्यात शरीराला थोडं रक्त गार होण्यासाठी कातडीकडे पाठवावं लागतं, म्हणून त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. उन्हाळा सुरू झाला की सगळ्यांचाच वेग पडतो आणि सगळ्यांनाच वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलं. दहा-चौदा दिवस उन्हात सावकाश पळत राहिलं तर रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि गाडी रुळावर येते. त्या दोन आठवड्यांत वेगाकडे बघूच नये.

आणि कुत्रे. प्रत्येक पळणाऱ्याच्या रस्त्यावर एक कुत्रा असतो, ज्याला चालणाऱ्यांचं काही वाटत नाही पण पळणाऱ्याचं फार वाटतं. त्याच्यासमोर पळत सुटणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण पाठलाग हाच तर त्याचा विषय. थांबावं, त्याच्या डोळ्यांत न बघता चालत पुढे जावं, आणि बऱ्याच अंतरावर गेल्यावर पुन्हा सुरू करावं. घड्याळात तो किलोमीटर विचित्र दिसतो. दिसू दे.

घड्याळाचा खरा माज उतरतो तो पायवाटेवर. दाट झाडीत आणि दरीत उपग्रहाचा सिग्नल नीट मिळत नाही, कातळावर आपटून फिरून येतो. मग घड्याळ वळणं कापून सरळ रेषा ओढतं, आणि आपण जीव खाऊन पार केलेली नागमोडी वाट कागदावर आखूड होते. रस्त्यावर सहा मिनिटांत होणारा किलोमीटर इथे अकरा मिनिटं घेतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नसतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच चालणाऱ्यांसाठी ठोकताळा बांधून दिला होता: तीन मैलांना एक तास, आणि वर दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. पळणाऱ्याचे आकडे वेगळे, पण उंची वेगळी मोजावी लागते हे तेच. खड्या चढावर तर नावाजलेले ट्रेल धावपटूही गुडघ्यांवर हात टेकून चालतात, कारण एका मर्यादेपलीकडे पळणं म्हणजे जास्त दम घालवून चालण्याइतकाच वेग मिळवणं. रस्त्यावर चालणाऱ्यांनी मागे टाकल्याचं शल्य ज्यांना आहे, त्यांनी एकदा डोंगरात जावं.

चढाने दम जातो. मांड्या जातात त्या उताराने. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि या प्रकारच्या कामात त्यांचे धागे सूक्ष्म पातळीवर जास्त फाटतात. त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं आणि घरातले विचारतात, ‘कुणी सांगितलंय?’ पण इथे शरीराचा एक उदारपणा आहे. अशी एक बेताची शिक्षा मिळाली की पुढचे काही आठवडे तोच उतार निम्माही दुखवत नाही. म्हणून डोंगरातल्या रेसची तयारी करणाऱ्याने लांबच लांब उतार एकदम घेण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडा थोडा घ्यावा. उताराचं तंत्र म्हणून सांगायचं तर छोटी छोटी पावलं टाकावीत, नजर पायांवर न ठेवता चार-पाच पावलं पुढे ठेवावी आणि अंग मागे झुकवू नये. हे लिहायला सोपं आहे; ओल्या दगडावर अंग आपोआपच मागे जातं.

पायवाटेवर एक पाऊल दुसऱ्यासारखं पडत नाही, त्यामुळे एकाच जागी तोच भार सारखा बसत नाही. घोटा मात्र मुरगळू शकतो. रोज दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय त्यावर चांगली. फुकट असते आणि आरशात आपण किती डुलतो ते दिसतं.

नियमितपणाची गोष्ट निघाली की रॉन हिल आठवतोच. हा इंग्लिश धावपटू कापडाच्या रसायनशास्त्रातला डॉक्टरेट, १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेला. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षांहून अधिक काळ, तो रोज किमान एक मैल पळाला. एकही दिवस चुकवला नाही. १९९३ मध्ये मोटार अपघातात छातीचं हाड मोडलं, तरी दुसऱ्या दिवशी मैल झाला. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर प्लास्टर घालून झाला. शेवटी एकदा पळताना छातीत दुखू लागलं, तो मैल त्याने कसाबसा पुरा केला आणि दुसऱ्या दिवशी थांबला. तेव्हा तो ७८ वर्षांचा होता.

मला त्याचं कौतुक वाटतं आणि त्याचं अनुकरण करू नये असंही तितकंच ठामपणे वाटतं. प्लास्टरमधला मैल पळण्यासाठी नसतो, आकड्यासाठी असतो. साखळी लांबत गेली की ती आपल्याला पळवते. आणि तुटली की माणूस दोन महिने बुटांकडे बघत नाही, कारण आता काय राहिलं? आठवड्यात चार दिवस पळणाऱ्याचा एक दिवस चुकला तर तीन उरतात. रोजच्या व्रतवाल्याचा एक चुकला की सगळंच गेलं. ताप असेल, छातीत कफ असेल, अंग मोडून आलं असेल तेव्हा घरी बसणं हाही सरावातलाच भाग आहे. नुसतं नाक वाहत असेल तर सावकाश एक फेरी मारायला हरकत नाही.

सुट्टीबद्दलची भीती बरीचशी अनाठायी असते. पळणं थांबलं की सगळ्यात आधी, काही दिवसांतच, रक्तातला द्रव कमी होतो. म्हणून आठवड्याने परतल्यावर पहिल्याच किलोमीटरला दम लागतो आणि वाटतं, सगळं धुऊन गेलं. पण तो द्रव जसा पटकन जातो तसा पटकन परतही येतो. दम खऱ्या अर्थाने घसरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि कित्येक महिन्यांत स्नायूंभोवती विणलेलं जाळं असं आठ दिवसांत उसवत नाही. तेव्हा परतल्यावरचा पहिला दिवस हिशेबात धरू नये. अंतर निम्मं ठेवावं, चढ टाळावा, घड्याळ घरी ठेवावं. चार-पाच दिवसांत पाय ओळख दाखवू लागतात. कुत्र्याला मात्र तेवढे पुरत नाहीत, त्याच्या लेखी तुम्ही पुन्हा नवखेच.