मारुतीच्या हारातली अळी

शनिवार
आईने पंचवटीतून मारुतीला रुईच्या पानांचा हार आणला. एका पानामागे दोन अळ्या होत्या, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. अंगभर पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या कड्या आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. म्हणजे प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या. आई म्हणाली, "देवाच्या वाटेवरचा जीव आहे, फेकू नकोस." तेवढं पान सोडवून घेतलं, बाकी हार देवळात गेला.

मंगळवार
रोज सकाळी सोमेश्वरकडच्या मोकळ्या प्लॉटवरून कोवळी पानं आणते. नंतर हात साबणाने धुते, रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट.

आज तासभर बरणीपाशीच बसले. मोठी अळी पानाच्या मधल्या शिरेपाशी गेली आणि शीर कुरतडायला लागली. चिकाचा पांढरा थेंब फुगला, ओघळला. ती थांबली, बाजूला झाली, पुन्हा कुरतडलं. शीर तुटल्यावर पुढे सरकून चीक न पोचलेला भाग निवांत खाल्ला. तोंड चिकटून बसू नये म्हणून हा खटाटोप. पण त्याच रुईतलं कडू विष ती अंगात साठवते, आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. इतक्याशा जिवाला हे कोणी शिकवलं असेल!

सोमवार
कालपासून दोघींनी खाणं सोडलं होतं. बरणीच्या झाकणाला रेशमाची छोटी गादी विणून उलट्या लटकल्या, इंग्रजी जे अक्षरासारख्या. सकाळी मोठीची कात मानेपाशी फाटली आणि वर सरकत गेली. आतून ओला, मऊ, हिरवा कोष. माझा जीव टांगणीला लागला, कारण तिची पकड अजून जुन्या कातीतच होती. मग तिने शेपटाचं टोक कातीतून बाहेर ओढलं, त्यावरचे आकडे गादीत रुतवले आणि गरगर वळत राहिली. कात खाली पडली. मी तेव्हा कुठे श्वास सोडला.

शुक्रवार
धाकटीचा कोष काळपट झाला आहे. त्यातून पांढरे धागे लोंबताहेत, बरणीच्या तळाशी माशीच्या तीन अळ्या. माशी अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्लं आतूनच खातात. आपण आणण्याआधीच ती गेली होती. निसर्गात असंच चालतं हे माहीत आहे, तरी वाईट वाटलं. आईने कुंडीत पुरली.

बुधवार
काल रात्री हिरवा कोष पारदर्शक झाला होता, आतले केशरी पंख दिसत होते. सकाळी सात वाजता तो फुटला. चुरगळलेल्या कापडासारखे पंख घेऊन फुलपाखरू लटकलं, अर्ध्या तासात ते ताठ झाले. तळाशी लालसर पाण्याचे थेंब. मागच्या पंखावर चार काळे ठिपके, म्हणजे नर. मादीला तीनच असतात.

साडेनऊला गॅलरीत ठेवला. ऊन लागताच पंख दोनदा उघडमीट केले आणि समोरच्या कडुनिंबावरून गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, दिशेने गेला.

शनिवार
आई हारवाल्याकडे उभी राहून रुईची पानं एकेक उलटी करून बघत होती.