काकांबरोबर व्हॉक्सॉलची वारी

टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनच्या बाहेर भेटायचं ठरलं होतं. मी एलिझाबेथ लाइनमधून त्या लांबच लांब सरकत्या जिन्यांवरून वर आलो तर काका आधीच हजर, जूनच्या लख्ख उन्हात हातात छत्री. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच म्हणाले, "स्टेशन आवडलं का? छानच आहे. याच्यासाठी माझं ॲस्टोरिया पाडलं."

काका म्हणजे माझ्या ठाण्याच्या मित्राच्या आईचे मावसभाऊ, वय ७२. १९८० साली अकाउंटन्सी करायला लंडनला आले ते इथलेच झाले. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही ते ठाण्यात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही, आपल्याकडे कसं असतं तुम्हाला ठाऊकच आहे. मी लंडनला चाललोय म्हटल्यावर मित्रच म्हणाला की त्यांना भेट, तुमचं जमेल. "तुमचं जमेल" हे त्याने ज्या टोनमध्ये म्हटलं त्यावरूनच कळलं.

तर ॲस्टोरिया. चारिंग क्रॉस रोडवरचं मोठं थिएटर, तिथे जी-ए-वाय नावाची गे क्लब नाइट व्हायची. २००९ मध्ये ते पाडलं, कारण त्याच जागी ही क्रॉसरेल, म्हणजे आताची एलिझाबेथ लाइन, यायची होती. जवळच फर्स्ट आउट नावाचा एक कॅफे होता, दिवसाढवळ्या कॉफी पीत बसता येईल असा, तोही याच कामात २०११ ला गेला. काकांना क्लबपेक्षा कॅफेचं दुःख जास्त. म्हणाले, क्लबमध्ये जायला हिंमत लागते, कॅफेत जायला फक्त दोन पौंड लागायचे.

मी तेव्हाच ठरवलं की म्युझियम वगैरे राहू दे, हे दोन दिवस काकांच्या मागे फिरायचं.

सोहो तसा छोटासा भाग, ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण काकांबरोबर आम्हाला दोन तास लागले. दर चार दारांनंतर थांबणं. इथे हे होतं, आता बर्गर मिळतो. इथे ते होतं, आता चष्म्याचं दुकान. मला सारखं गिरगाव आठवत होतं, आमचे आजोबा असेच चालायचे. मग काका मला कोव्हेंट गार्डनच्या बाजूला एंडेल स्ट्रीटवर घेऊन गेले आणि ८१ नंबरच्या तळघराची गोष्ट सांगितली. १९३४ मध्ये तिथे कॅरॅव्हॅन क्लब होता, पुरुष पुरुषांबरोबर नाचायचे, बायका बायकांबरोबर, आणि शेजाऱ्यांनी तक्रारी केल्यावर त्याच ऑगस्टमध्ये पोलिसांनी धाड टाकून १०३ जणांना उचललं. क्लब जेमतेम दीड महिना चालला. गंमत अशी की पोलिसांनी जप्त केलेले कागद सरकारी दफ्तरात राहिले म्हणूनच आज त्या जागेबद्दल एवढं माहीत आहे, आणि २०१७ मध्ये त्याच कागदांवरून नॅशनल ट्रस्टने तो क्लब काही दिवसांसाठी पुन्हा उभा केला, म्हणजे जे सरकार पकडायला आलं त्याच्याच फायलीतून सजावट! काका तिकीट काढून गेले होते. "कॉकटेल महाग होतं," एवढाच रिव्ह्यू.

ॲडमिरल डंकन या गे पबसमोर मात्र ते बोलायचे थांबले. ३० एप्रिल १९९९, शुक्रवारची संध्याकाळ, सुट्टीचा वीकेंड सुरू होत होता, पब भरलेला आणि आत खिळ्यांचा बॉम्ब फुटला. तीन जण गेले, त्यातली एक बाई गरोदर होती. ७० च्या वर जखमी. त्याच माणसाने आदल्या दोन शनिवारी आधी ब्रिक्स्टनमध्ये आणि मग ब्रिक लेनजवळ बॉम्ब ठेवले होते, म्हणजे आधी काळे, मग बांगलादेशी, मग आपण. काका म्हणाले, "मी दोन्हीकडून लिस्टमध्ये होतो." आत छताला त्या लोकांच्या आठवणीचं एक झुंबर आहे, त्याच्याखाली लोक नेहमीसारखे बियर पीत हसत उभे होते. आम्हीही अर्धी अर्धी बियर घेतली.

आता थोडं माझं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी डोंबिवलीचा. २००१ मध्ये तेवीस वर्षांचा असताना पहिल्यांदा कुलाब्यात व्हूडू नावाच्या पबला गेलो. ताजच्या मागे आर्थर बंदर रोडवर, फक्त शनिवारी. काळोख, कोंदट, घामाचा वास, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत माझ्यासारखे शंभर लोक बघितले. गे बॉम्बे नावाच्या ग्रुपच्या पार्ट्यासुद्धा तेव्हा व्हायच्या, बारच्या मालकाला पटवून कुठेतरी उपनगरात, पत्ता कानोकान. अशाच एका पार्टीत हातावर जांभळा शिक्का मारला होता आणि पहाटेच्या पहिल्या लोकलमध्ये मी घाटकोपरपासून तो थुंकी लावून घासत बसलो होतो, दिवा येईपर्यंत हात लाल झाला पण शिक्का काही पूर्ण गेला नाही. आईला सांगितलं ऑफिसच्या पार्टीचा आहे. तिने विचारलंही नव्हतं.

आम्हाला तेव्हा वाटायचं कायदा बदलला की बस्स, मग काय, प्रत्येक नाक्यावर आपला एक बार. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा, म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमाचा, निकाल आला, पेढे वाटले, रडलो. पण तोवर व्हूडू कधीच बंद झालं होतं आणि आता मुंबईत पार्टी आज या हॉटेलात तर पुढच्या महिन्यात त्या, इन्स्टावर कळतं, कव्हर चार्ज बघून घरीच बसावंसं वाटतं. आपली म्हणावी अशी चार भिंतींची जागा अशी नाहीच.

आणि लंडनमध्ये काय झालं बघा. इथे १९६७ मध्ये कायदा बदलला, तोही अर्धवट, २१ वर्षांवरच्या दोन पुरुषांना फक्त खाजगीत परवानगी. मग १९८८ मध्ये उलट कलम २८ आलं, म्हणजे शाळा-नगरपालिकांनी समलैंगिकतेला उत्तेजन द्यायचं नाही. या सगळ्या वाईट काळात जागा मात्र उघडत होत्या! १९७९ च्या डिसेंबरात चारिंग क्रॉस स्टेशनच्या खालच्या कमानींमध्ये हेवन नावाचं गे नाइटक्लब सुरू झालं, काका १९८१ ला तिथे पहिल्यांदा गेले आणि दारातून परत फिरले, कारण एवढी गर्दी बघून त्यांना वाटलं ओळखीचं कुणीतरी असणारच. तिसऱ्या खेपेला आत शिरले. आणि मग संमतीचं वय समान झालं, कलम २८ गेलं, २०१४ ला लग्नं झाली, आणि नेमक्या त्याच काळात, २००६ ते २०१७ मध्ये, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी मोजलं तर शहरातल्या अशा जागा १२५ वरून ५३ वर आल्या. निम्म्याहून जास्त गायब. मी म्हटलं काका, डेटिंग ॲप्समुळे असेल, आता कोण बारमध्ये जाऊन शोधतं. काका वैतागले. "ॲप भाडं वाढवतं का? सगळे ॲपलाच धरतात. अरे, पब चालत असताना बंद झालेत. वर फ्लॅट बांधले की जमिनीचे जास्त पैसे मिळतात, एवढं साधं आहे. मी अकाउंटंट आहे."

कॅम्डनचं ब्लॅक कॅप बघायला चला म्हटलं तर नाही म्हणाले. अनेक वर्षांचा ड्रॅगचा, म्हणजे बायकी वेशात स्टेज गाजवणाऱ्या पुरुषांचा, अड्डा, एप्रिल २०१५ मध्ये एकाएकी बंद केला. त्यानंतर लोक शनिवार-शनिवारी बाहेर फूटपाथवर उभे राहून निषेध करायचे, काकाही जायचे. "बंद दारासमोर बरेच दिवस उभा राहिलोय, आता पुरे."

दुसऱ्या दिवशी आमच्यात एक पुण्याची मुलगी सामील झाली, चोवीस वर्षांची, इथे मास्टर्स करतेय, माझ्या मैत्रिणीची भाची. मला दादा म्हणते, काकांना काका. ती लेस्बियन आहे हे तिने घरी व्हॉट्सॲपवर सांगितलं म्हणे, आईने आधी थम्ब्स अप पाठवला आणि मग रात्री फोन करून रडली. मी नि काका दोघंही हे ऐकून नुसते बघत राहिलो.

तिला आमच्या या सुतकाचं फार काही पडलेलं नव्हतं. म्हणाली, ते सगळे पब तर पुरुषांचे होते ना, आणि सगळं दारूभोवती, मी पीत नाही, मग मला काय फरक पडतो? काका काहीतरी बोलणार होते पण मग त्यांनीच गेटवेज क्लबची गोष्ट काढली. चेल्सीत किंग्ज रोडच्या कोपऱ्यावर एक हिरवं दार, खाली तळघर, १९३१ पासूनचं, आणि १९६७ पासून फक्त बायकांसाठी, त्यामुळे काकांनी ते आतून कधीच बघितलं नाही. १९८५ ला बंद. नंतर सोहोत कॅन्डी बार आला तोही २०१४ ला गेला. मुलगी म्हणाली हो पण हॅकनीत २०२४ मध्ये ला कामियोनेरा नावाचा लेस्बियन बार सुरू झालाय, आधी नुसता थोड्या दिवसांसाठी होता तर बाहेर रस्त्यावर एवढ्या बायका उभ्या की बस. तिचं म्हणणं जागा मरत नाहीत, पत्ता बदलतात. मला ते निम्मंच पटलं. पत्ता बदलतो तेव्हा जुने लोक मागे राहतात ना. त्या हॅकनीच्या बारमध्ये सत्तर वर्षांची कुणी बाई दिसते का असं विचारलं तर ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "एक येतात. सगळ्याजणी त्यांना खुर्ची देतात."

हॅकनी रोडवरच्या जॉइनर्स आर्म्स या पबचं तिला पाठ होतं. जानेवारी २०१५ मध्ये बंद झाला, जागा बिल्डरकडे, पण त्याच्या दोस्त मंडळींनी एवढी चिकाटी धरली की २०१७ मध्ये टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलने परवानगीतच अट घातली, नवीन इमारतीत एलजीबीटी पब ठेवायचा. नंतर २०२२ मध्ये लोकांनी शेअर विकत घेऊन लाखाच्या वर पौंड जमवले, आपला पब आपणच चालवायचा म्हणून. म्हणजे सहकारी साखर कारखान्यासारखं की, मी म्हणालो. काका म्हणाले, "कारखान्यासारखं नको रे बाबा."

शनिवारी संध्याकाळी व्हॉक्सॉल. स्टेशनातून बाहेर आलात की एका बाजूला तो विचित्र छताचा बस डेपो, नदीकडे गुप्तहेर खात्याची इमारत, आणि मध्येच, आजूबाजूचं सगळं पाडून हिला विसरले असावेत अशी एकटी उभी, अर्धगोल वळलेली जुनी इमारत, रॉयल व्हॉक्सॉल टॅव्हर्न. मागे पार्क आहे, जिथे पूर्वी प्रसिद्ध प्लेझर गार्डन्स होत्या, त्या १८५९ मध्ये बंद पडल्यावर त्याच जागेवर १८६० ते १८६२ मध्ये हा पब बांधला.

मी ती सालं ऐकली आणि तिथेच थांबलो. आपलं इंडियन पीनल कोड १८६० चं, लागू झालं १ जानेवारी १८६२ ला. म्हणजे इंग्रजांनी तिकडे आपल्या गळ्यात ३७७ बांधलं तेव्हाच इकडे नदीकाठी गवंडी या भिंती चढवत होते, त्यांना काय कल्पना, पुढे इथे कोण नाचणार आहे. काकांना सांगितलं तर ते खूश झाले, इतक्या वर्षांत हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे ड्रॅगचे कार्यक्रम सुरू झाले. ऐंशीच्या दशकात लिली सॅव्हेज, म्हणजे पॉल ओ'ग्रेडी, इथल्या स्टेजवर असायचा, पुढे टीव्हीवर घराघरात पोचला, २०२३ मध्ये गेला. जानेवारी १९८७ मध्ये पोलिसांची धाड पडली तेव्हा एड्सच्या भीतीने पोलीस रबरी हातमोजे घालून आले होते, आणि लिली स्टेजवरून म्हणाली की वा, भांडी घासायला मदत आली वाटतं. काका त्या रात्री नव्हते पण गोष्ट अशी सांगतात की जणू पहिल्या रांगेत होते. मग हळूच म्हणाले, "त्या वर्षात मी नऊ वेळा काळा सूट घातला." पुढे काही नाही. मुलीने त्यांचा हात धरला, मी लायनीत पुढे बघत राहिलो.

२०१४ मध्ये टॅव्हर्न ऑस्ट्रियन डेव्हलपरला विकली गेली, तेव्हा चाहत्यांनी धावपळ करून सप्टेंबर २०१५ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळवून दिला, एलजीबीटी इतिहासासाठी असा दर्जा मिळालेली ब्रिटनमधली ही पहिली इमारत. सहजासहजी पाडता येत नाही. अर्थात दर्जा भिंतींना मिळतो, आत कोण बसणार ते भिंती ठरवत नाहीत, पण तरी.

दारावर हातावर शिक्का मारला, आणि काकांकडे बाउन्सरने ओळखपत्र मागितलं. चेष्टेत, पण काकांनी गंभीरपणे फ्रीडम पास काढून दाखवला, म्हाताऱ्यांचा फुकट प्रवासाचा. आत लोखंडी खांब, छोटंसं स्टेज, चिकट फरशी. तो वास मी ओळखला, अगदी व्हूडूचाच. स्टेजवरच्या बाईने (बाई म्हणू की बुवा, सहा फुटी होती) काकांना हेरलं आणि विचारलं हा तरुण कुणाबरोबर आलाय, काका ओरडले, "माझ्या पुतण्याबरोबर!" मग पूर्ण पबने मला हात केला. मुलीने लाइम सोडा पीत व्हिडिओ काढला. नंतर सगळ्यात जास्त नाचलीही तीच.

परत येताना आठवलं म्हणून काकांनी क्लब कालीचं सांगितलं. १९९५ मध्ये टफनेल पार्कच्या डोममध्ये सुरू झालेली देशी क्वीअर लोकांची नाइट, भांगडा आणि हिंदी गाणी. "तिथे पहिल्यांदा साडी नेसलेला पुरुष बघितला आणि मला आईची आठवण आली, काय करणार." मुलगी ग्रीन पार्कला उतरून तिच्या दिशेने गेली, रात्रीची ट्यूब सुरू असते म्हणून बरं.

ज्युबिली लाइनमध्ये आम्ही दोघंच. फिंचली रोडच्या आसपास गाडी जमिनीवर येते, बाहेर काळोख. काकांनी खिशातून रुमाल काढला, टोक तोंडात धरून ओलं केलं आणि हातावरचा शिक्का घासायला लागले.

"राहू दे ना काका, आता काय?"

"अरे, उद्या सकाळी डॉलिस हिलला मंडळात कार्यक्रम आहे. पहिल्या पंगतीत वाढायला उभं राहायचंय."

मी बाटलीतलं पाणी त्यांच्या रुमालावर ओतलं. "जोरात नाही," मी म्हटलं, "हात लाल होतो."