साठ हजारांत महिना? हनोई-लाओस करून आल्यावरचा हिशेब

'साठ हजारांत एक महिना परदेश' असे व्हिडिओ बघून कुणी बॅग भरत असेल, तर आधी एक लाख दहा हजार बाजूला काढा, मग भरा. उत्तर व्हिएतनामच्या डोंगरातला हा जियांगचा मोटरसायकलवरचा फेरा करायचा असेल तर सव्वा लाख. मी बेळगावचा, सोबतचा मित्र निपाणीचा, आणि कंजूषपणात दोघांचंही नाव आहे. दारू नाही, हॉटेल नाही, डॉर्ममधली खाट आणि रस्त्याकडेचं जेवण. तरी साठात बसलं नाही. बसणारही नाही.

व्हिडिओवाल्यांची चलाखी साधी आहे. एका दिवसाचा खर्च दाखवायचा आणि तीसने गुणायचं. एका जागी बसून काढलेला दिवस खरंच स्वस्त पडतो. हनोईत खाट पाच-सहाशे रुपयांत मिळते. फोचं, म्हणजे शेवयांच्या सूपचं, मोठं वाटगं ४० ते ६० हजार डोंगला (तिथलं चलन), म्हणजे दीडशे-दोनशे रुपये. बान मी (भरलेला पाव) त्याहून कमी. कॉफी-बिफी धरून सोळाशेत दिवस मजेत जातो. पैसा उडतो तो गाव बदलताना, आणि देश बदलताना तर विचारूच नका. त्या दिवशी बस, स्टँडपासून गावात जायची रिक्षा, नाक्यावरचे चिल्लर 'चार्ज', भुकेपोटी मिळेल त्या भावात खाल्लेलं असं सगळं मिळून पाच हजार सहज जातात.

म्हणून हिशेब असा मांडा. महिन्यात सात दिवस प्रवासाचे, त्यांचे पस्तीस हजार. उरलेले तेवीस बसके दिवस, त्यांचे सदतीस हजार. विमान जाऊन-येऊन तीस हजार, तेही दोन-अडीच महिने आधी काढलं तर. व्हिसे सहा हजार. विमा दीड-दोन हजार. डॉलर ८५-९० रुपये धरलाय. सात दिवस आणि तेवीस दिवस, खर्च जवळजवळ सारखाच! गावं कमी करा, बजेट आपोआप खाली येतं. खाट दोनशेनं स्वस्त शोधण्यात रात्र घालवू नका.

बॅग, बूट, दम यावर काही लिहीत नाही. वैजनाथाचा डोंगर न थांबता चढणाऱ्याला त्याची गरज नाही. फक्त स्वस्त विमानांत केबिन बॅग सात किलोच्या वर चालत नाही आणि ते खरोखर वजन करतात, एवढं लक्षात ठेवा. बेंगळुरूहून विमान असेल तर रात्रीच्या बसने मॅजेस्टिकच्या मुख्य स्टँडपर्यंत जाऊ नका. बस तुमकूर रोडनेच येते. गोरगुंटेपाळ्याला उतरा आणि तिथून हेब्बाळमार्गे विमानतळ गाठा. उलटा फेरा वाचतो. काउंटरवर परतीचं किंवा पुढचं तिकीट मागतात, ते छापून जवळ ठेवा. फोनमधलं दाखवताना आमच्या पाठीमागची रांग तापली होती.

व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवर २५ डॉलरला आहे, एकदाच प्रवेशाचा. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. गूगलवर सगळ्यात वर येणाऱ्या साइट्स त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट घेतात आणि दिसायला सरकारीच दिसतात. हनोई विमानतळावरून ८६ नंबरची बस ४५ हजार डोंगला जुन्या शहरात सोडते. बाहेर हात धरून ओढणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे बघूही नका.

डोंगचा हिशेब: शेवटची तीन शून्यं काढा, तिप्पट करा, वर थोडं टाका. ५० हजार म्हणजे एकशे सत्तर रुपये. आता सगळ्यात महत्त्वाचं. २० हजाराची आणि ५ लाखाची नोट, दोन्ही निळ्या. एक सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची. अंधारात सायकलरिक्षावाल्याला पैसे देताना घोटाळा होतो आणि तो माणूस शांतपणे खिशात घालतो. ५ लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. लाओसच्या किपला तीन शून्यं काढून चौपट करा.

हा जियांगबद्दल एकच सांगतो, पण नीट ऐका. आपल्या आरटीओतून हजार रुपये भरून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना व्हिएतनाममध्ये चालत नाही. भारत तो १९४९ च्या कराराखाली देतो, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचाच मानतो. हे ना परवाना काढून देणाऱ्या एजंटने सांगितलं, ना एकाही व्हिडिओने. गाडी भाड्याने देणारा काहीच विचारत नाही, त्याला भाड्याशी मतलब. पण वाटेत पोलीस उभे असतात, आणि पडलात तर विमा हात वर करतो. त्या घाटात पडणारे कमी नाहीत, गुडघ्याला पट्ट्या बांधलेली गोरी पोरं प्रत्येक डॉर्ममध्ये दिसतात. तिथल्या चालकाच्या मागे बसून तीन दिवस, खाणं-राहणं धरून, पंधरा-सोळा हजार रुपये जातात. ते द्या, नाहीतर हा जियांग सोडा. मधला रस्ता नाही. (थायलंडमध्ये तोच परवाना चालतो, त्यामुळे हजार रुपये अगदीच पाण्यात गेले नाहीत.)

आता बसचा प्रवास. हनोई ते लाओसमधलं लुआंग प्रबांग.

जुन्या शहरातल्या एका एजंटने तिकीट दिलं ४५ डॉलरला. थेट बस, बावीस तास, एसी, पाय पसरून झोपा. आम्ही संध्याकाळी बसलो आणि लुआंग प्रबांगला उतरलो तेव्हा दुसरी रात्र पडली होती. हनोईच्या दक्षिणेच्या न्योक न्गाम स्टँडवर जाऊन तिकीट काढलं असतं तर स्वस्त पडलं असतं, हे शेजारच्या खाटेवरच्या माणसाने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

चढताना बूट काढून पिशवीत घालायचे. खाटांच्या तीन रांगा, दोन मजले. पाय पुढच्याच्या डोक्याखालच्या खोक्यात घालायचे, आणि ते खोकं बुटक्या माणसाच्या मापाचं. मी पावणेसहा फूट, रात्रभर गुडघे वर. मधल्या वाटेत पोती, खोकी, आणि पोत्यांवर झोपलेली माणसं. जांबोटीच्या वडापला लाजवेल असा माल. मध्यरात्रीनंतर कुठेतरी डोंगरात बस थांबली आणि इंजिन बंद झालं. कशाला? तर सीमेवरचा नाका सकाळी सातला उघडतो! बावीस तासांत ही झोप धरलेलीच नव्हती. एसी बंद, काच धुक्याने भरलेली, बाहेर काळोख. मित्राने घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. महिन्यातलं सगळ्यात चांगलं जेवण तेच, यात जराही अतिशयोक्ती नाही.

सकाळी शिनोळी, दुपारी बेळगाव, संध्याकाळी गोवा असं करणाऱ्या आपल्याला सीमा म्हणजे रस्त्याकडेची पाटी. व्हिएतनाम-लाओसमधल्या नाम कान नाक्यावर सीमा म्हणजे रांग, फॉर्म, फोटो, डॉलर आणि दोन चौक्यांमधलं अंतर सामान घेऊन चालत. व्हिएतनामच्या बाजूला कंडक्टरने पासपोर्ट गोळा केले आणि शिक्क्याचे म्हणून पैसे मागितले. पावती? हसला. आम्ही पासपोर्ट परत घेऊन स्वतः खिडकीवर गेलो, शिक्का फुकट बसला. लाओसचा व्हिसा तिथेच मिळतो, चाळीस डॉलरच्या आसपास. पण नोट कोरी हवी. मित्राच्या पन्नासाच्या नोटेवर पेनाची बारीक रेघ होती, ती परत आली. तिथे डॉलर विकणारी बाई उभीच होती, आणि भाव तिच्या मनाचा. बेळगावात डॉलर घेताना नुसते मोजू नका, एकेक नोट उजेडात धरून बघा. दहा-वीसच्या नोटाही मागून घ्या, तिथे सुटे परत मिळत नाहीत. लाओसचा ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालत नाही, त्यामुळे आधी काढणार असाल तर तुमचा नाका यादीत आहे का बघा.

त्यानंतर लाओसमधल्या फोन्सावानच्या पुढे बस बदलायला लावली आणि नव्या कंडक्टरने पुन्हा पैसे मागितले. दिले नाहीत. अर्धा तास भांडलो, तो त्याच्या भाषेत, आम्ही आपल्या. शेवटी स्टँड गावाबाहेर, टुकटुकवाल्याने दोघांकडून जे घेतलं त्यात हनोईत दोन दिवस जेवलो असतो.

ही बस घेऊ नका. पैसे असतील तर विमान घ्या, एक-सव्वा तासात पोचाल. नसतील तर तुकडे पाडा: हनोईहून दिएन बिएन फू, तिथे रात्रभर आडवे व्हा, १९५४ च्या लढाईची टेकडी बघा, आणि पहाटेच्या छोट्या बसने ताय त्रांग नाक्यावरून लाओसमधलं मुआंग खुआ. एक रात्र जास्त जाते, पण दिवसाउजेडी नाका ओलांडता आणि कुणाच्या हातात पासपोर्ट द्यावा लागत नाही.

लुआंग प्रबांगचे दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. वांग वियांगला जायचं असेल तर डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली चिनी रेल्वे घ्या. रस्त्याने अर्धा दिवस जातो, रेल्वेने तासभर. तिकिटाला पासपोर्ट लागतो, आणि स्टेशनवर डिओडरंटचा डबा काढून घेतात.

लाओसमधून थायलंडकडे बाहेर पडायला मेकाँग नदीवरची संथ बोट, सीमेवरच्या हुआय साय पर्यंत दोन दिवस. बोटीचा धक्का लुआंग प्रबांगपासून दहा किलोमीटरवर आहे, तेव्हा टुकटुकचे पैसे धरा. मधली रात्र पाकबेंगला. बोटीवर खोल्या विकायला पोरं चढतात, त्यांना काही सांगू नका. चढण चढून वर गेलं की भाव खाली येतो. दुसऱ्या दिवशी हुआय सायला उशीर झाला तर त्याच संध्याकाळी पलीकडे जायची घाई नको, नाक्यावर वेळेबाहेरचे जादा पैसे घेतात. थायलंडला जोडणाऱ्या मैत्री पुलावरून चालत जाता येत नाही, शटल बस घ्यावी लागते. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड मे २०२५ पासून सक्तीचं आहे. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करून दुसरी शोधा.