काम दे, नाहीतर बाजूला ठेव

आम्ही इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या एका छोट्या गावात राहतो. तिथल्या मेथडिस्ट मंडळीत डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पाळकबाई न चुकता बजावतात, की पुढच्या रविवारी कराराची उपासना आहे, म्हणजे देवाशी केलेला करार नव्याने कबूल करायचा आहे, प्रार्थना घरी वाचून या, आणि ज्याला म्हणवत नसेल त्याने म्हणू नये. उपासनेला येण्याआधी ‘म्हणू नका’ अशी मुभा देणारा पाळक मी तरी नगरला पाहिला नव्हता.

नगरचं आपलं नवीन वर्ष म्हणजे वॉचनाईट. ३१ डिसेंबरला रात्री शाली-स्वेटर घालून सगळी मंडळी जमायची. देवाने वर्षभरात काय केलं ते सांगणाऱ्या साक्षी लांबत जायच्या, मग ना. वा. टिळकांची भजनं, बाराला घंटा, हस्तांदोलन, केक आणि चहा. त्याआधी ताटलीतून बायबलच्या वचनाची चिठ्ठी काढायची. ‘भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे’ निघालं की आई ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. ‘पश्चात्ताप करा’ असं कुणाला निघाल्याचं मात्र मला आठवत नाही. चिठ्ठ्या लिहिणारी माणसं मायाळू असणार.

आपली वॉचनाईटही मुळात इकडचीच. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडचे कोळसा खाणकामगार शनिवारची रात्र गुत्त्यात घालवायचे. त्यांच्यातल्या काहींचं मन देवाकडे पालटल्यावर ते ती रात्र प्रार्थनेत जागवू लागले. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७४२ मध्ये ही प्रथा लंडनला नेली, आणि जागरणासाठी पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार धरला. लोकांना चांदण्यात घरी जाता यावं, एवढाच त्यातला हेतू!

कराराची उपासना नंतर आली. ११ ऑगस्ट १७५५ ला लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या फ्रेंच चर्चमध्ये सुमारे अठराशे माणसांनी उभं राहून देवाशी केलेला करार नव्याने कबूल केला. त्याचे शब्द वेस्लीने रिचर्ड अ‍ॅलीन या प्युरिटन पाळकाच्या लिखाणातून घेतले होते. पुढे ही उपासना वर्षारंभाला चिकटली. काही मंडळ्या ती सप्टेंबरात करतात, कारण मेथडिस्टांचं कामकाजाचं वर्ष तिथून सुरू होतं. आमच्याकडे जानेवारीच. बाहेर चारलाच काळोख, आत हीटर चालू असूनही कुणी कोट काढत नाही, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि पेला घेतात तेव्हा, इवल्याशा काचेच्या पेल्यांतून द्राक्षाचा रस. वाइन नाही, मेथडिस्टांच्या चर्चच्या आवारात दारूला बंदी आहे.

प्रार्थनेचा सूर असा: मी आता माझी नाही, तुझी आहे. मला हवं तिथे ठेव, हव्या त्या माणसांत बसव. कामाला लाव किंवा सोसायला लाव. वापर किंवा बाजूला ठेव. भरून टाक किंवा रिकामी ठेव. तुझी मर्जी.

‘बाजूला ठेव’ या शब्दांशी मी पहिल्यांदा अडले, अजूनही अडते. मी नर्स आहे. मला या देशात व्हिसा मिळाला तो कामामुळे, घर मिळालं ते कामामुळे, गावाकडे माझं कौतुक होतं तेही कामाचंच. आपण परदेशात आलेली बहुतेक माणसं अशीच. हातातलं काम गेलं तर आपण कोण, हा प्रश्न आपण पुढे ढकलत राहतो. आणि इथे तर मला स्वतःच्या तोंडाने देवाला सांगायचं, की काम काढून घेतलंस तरी चालेल. चालेल का खरंच?

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. इथे सगळ्यांना एकेरी नावाने हाक मारतात, मला ते अजून जड जातं, म्हणून मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्यांच्या नवऱ्याला स्मृतिभ्रंश झालाय, ते केअर होममध्ये असतात आणि बहुतेक दिवस आजींना ओळखत नाहीत. या वर्षी प्रार्थनेला सगळे उभे राहिले, आजीही राहिल्या, पण ओठ मिटलेलेच. कार्ड हातात, चष्मा नाकावर, नजर ओळींवर. नंतर चहाच्या वेळी त्यांनीच सांगितलं, की ‘सोसायला लाव’ हे यंदा म्हणवत नाही, आणि जे मनात नाही ते देवासमोर म्हणायचं नाही. त्यांना कुणी समजवायला गेलं नाही. पाळकबाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली.

मला विचाराल तर त्या दिवशी चर्चमध्ये सर्वांत कसून आत्मपरीक्षण त्यांनीच केलं. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलंय, की आधी स्वतःची परीक्षा करावी, मग प्रभुभोजनाची भाकर खावी. आपण प्रभुभोजनाआधी डोळे मिटून मिनिटभर बसतो आणि त्यालाच परीक्षा समजतो.

वेस्लीच्या लोकांमध्ये परीक्षेची एक रोकडी पद्धत होती. १७४२ मध्ये त्यांच्या ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. एका कॅप्टनने सुचवलं, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि गरिबातले गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, ज्याला जमणार नाही त्याची मी भरीन. असे वसुलीला घरोघर गेलेल्यांना घरांतलं खरं काय ते दिसू लागलं: कुठे दारू, कुठे भांडण. त्यातूनच ‘क्लास’ निघाले. दर आठवड्याला दहा-बारा जणांनी बसायचं, आणि प्रत्येकाने आपला जीव कसा आहे ते सांगायचं. म्हणजे कर्जवसुलीतून आत्मपरीक्षण! मला हे फार आवडतं, कारण पैसा आणि जीव यांची गाठ तिथे पहिल्यापासून होती.

म्हणून या जानेवारीत मी आणि नवऱ्याने संकल्प वगैरे न लिहिता बँकेचं स्टेटमेंट आणि ड्युटीचं रोस्टर टेबलावर घेतलं. बायबल रोज वाचू, असं दर वर्षी म्हणतोच. रोस्टर काय म्हणतं ते पाहू म्हटलं. जादा शिफ्ट बहुतेक रविवारच्या होत्या, कारण रविवारी दर जास्त. ते पैसे कशात गेले, तर एका सोफ्यात आणि नगरच्या प्लॉटच्या हप्त्यात. रविवारची जादा शिफ्ट यंदा घ्यायची नाही, हे त्यातल्या त्यात लवकर ठरलं. चर्चच्या हॉलमध्ये गरजूंना फुकट शिधा देणारी फूड बँक चालते, तिथे गुरुवारी नवरा जाईल, हेही.

दशमांशावर, म्हणजे देवाला द्यायच्या कमाईच्या दहाव्या भागावर, मात्र गाडी अडली. आतापर्यंत तो सगळा नगरच्या मंडळीला जायचा. नवऱ्याचं म्हणणं, आपण राहतो इथे, इथल्या हॉलचं छप्पर गळतंय, निम्मा तरी इथे द्यावा. माझं म्हणणं, इथल्या म्हाताऱ्यांना पेन्शन आहे, नगरच्या पाळकांना महिन्याचा पगार वेळेवर मिळत नाही. तो म्हणतो, तुला पाळकांची काळजी आहे की नगरला आपलं नाव राहण्याची? यावर मी अजून उत्तर दिलेलं नाही. पगार अठ्ठावीसला होतो, तोवर द्यावं लागेल.